बाळाचा श्वास कोण मोजणार?

गडचिरोली जिल्हा जंगलाचा. गावं लहान नि पांगलेली. दवाखाना दूर. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वाट बंद. अशा वेळी तान्हं बाळ आजारी पडलं, तर आईनं जावं कुठं?

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे नवराबायको. दोघं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून परत आले. १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. गावाच्या दुखण्याचा अभ्यास गावातच, गावकऱ्यांना सोबत घेऊन करायचा, असं त्यांनी ठरवलं.

आधी मोजदाद झाली. १९८८ साली तिथं जन्मलेल्या १००० मुलांपैकी १२१ मुलं वर्षाच्या आत दगावत होती! न्यूमोनिया हे त्याचं एक मोठं कारण होतं.

न्यूमोनियात बाळाचा श्वास भरभर चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाला, तर धोका समजावा. पण गावच्या दाईला साठपर्यंत मोजता येईना. मग काय केलं?

एका चौकटीत मणी ओवले. शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की न्यूमोनिया ओळखायचा. दाईला दहापर्यंत आकडे येत होते. तेवढे पुरले.

पुढे १९९५ पासून ३९ गावांतल्या बायकांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केलं. त्या बाळंतिणीच्या घरी जात. बाळाचं वजन करीत. त्याला ऊब देत. गरज पडली तर इंजेक्शनही देत. आधी दर हजारी ६२ बाळं महिन्याच्या आत दगावत. १९९८ पर्यंत हा आकडा २६ च्या आत आला.

हीच रीत पुढे सरकारनं घेतली. २०११ पासून देशभर आशाताई बाळ-बाळंतिणीला पाहायला घरी येऊ लागल्या.

विद्यापीठातली विद्या मोठी खरी. पण मध्यरात्री बाळाच्या उशाशी कोण असतं? आई, आजी, शेजारीण. विद्या त्यांच्या हातात आली, तेव्हा बाळं वाचली.

ध्यानात ठेवा : बाळ शांत असताना मिनिटभर श्वास मोजा. श्वास भरभर चालला, किंवा बाळ दूध ओढीना, तर थांबू नका. आशाताईला हाक मारा. १०८ ला फोन करा.

सांगा पाहू :
१. दाईनं साठ श्वास कसे मोजले?
२. तुमच्या गावात आशाताई कोण? बाळ जन्मल्यावर त्या घरी येतात का?