लोखंडाला पाणी पाजणारे हात

(पोलाद कारखान्यातून निवृत्त होऊन कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहणारे काका आणि पुण्याहून आलेली पुतणी गौरी. 17 सप्टेंबर.)

गौरी : काका, आज एवढे पतंग?

काका : विश्वकर्मा पूजा आहे. कारखाना असो की लोहाराची भट्टी, आज हत्यारं पूजायची. आपली खंडेनवमीच म्हण.

गौरी : पण या टॉवरांमध्ये लोहार कुठला?

काका : टॉवर अलीकडचे गं. 1999 साली न्यू टाउन उभारणारी हिडको स्थापन झाली, त्याआधी इथे राजारहाटची भातशेती. शेत गेलं की कोयत्याचं गिऱ्हाईक जातं. घरोघरची बोटी मात्र राहिली, पायाखाली दाबून मासे चिरायची ती विळी.

गौरी : धार लावायला दगडावर घासलं की झालं ना?

काका : घासलेली धार टिकायला पातं मुळात नीट पाजलेलं हवं. ते लाल तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून पुन्हा हलकं तापवायचं. 220-230 अंशांना पिवळसर छटा येते, 300 च्या आसपास निळी. कुठल्या रंगाला थांबायचं, हे लोहार नुसत्या डोळ्याने ठरवतो. मी याला मोठी विद्या मानतो.

गौरी : लोहारांच्या गोष्टी असतील ना इथे?

काका : मनसामंगल काव्यातली ऐक. लखिंदरला लग्नाच्या रात्री साप चावणार, असं भाकीत होतं. त्याच्या बापाने, चांद सौदागराने, विश्वकर्म्याकडून लोखंडी घर बांधून घेतलं. पण सापांची देवी मनसा हिच्या धाकाने विश्वकर्म्याने केसाएवढं भोक ठेवलं. नागीण तिथूनच शिरली.

गौरी : बाप रे!

काका : आता खरी गोष्ट. बंगालमधल्या त्रिवेणीच्या लोहार घराण्यातला पंचानन कर्मकार. 1778 च्या हॅल्हेडच्या बंगाली व्याकरणासाठी त्याने चार्ल्स विल्किन्सबरोबर छपाईची अक्षरं घडवली. मऊ पोलादावर अक्षर कोरायचं, मग पाणी पाजून कडक करायचं आणि तांब्यावर ठोकून साचा घ्यायचा. विद्या तीच, कोयत्याची!

गौरी : म्हणजे बंगाली छपाई लोहाराच्या हातून आली!

काका : आपलीही. पुढे इथल्या, बंगालमधल्या श्रीरामपूरला त्याने देवनागरी अक्षरं कोरली. 1805 मध्ये विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण तिथेच देवनागरीत छापलं गेलं. 1810 चा मराठी कोशही तिथलाच, तो मोडीत.

गौरी : आणि शाळेत आम्हाला फक्त कॅरीचं नाव!

काका : म्हणून श्रीरामपूर कॉलेजच्या आवारातलं कॅरी संग्रहालय बघूनच पुण्याला जा. आणि मैत्रिणींना सांगताना पंचाननचं नाव आधी घे.