दुर्मिळता आणि मोल : बेसबॉल-पत्रांचा एक अभ्यास

माल थोडा की भाव चढा, हे सूत्र आपण व्यापारी मंडळी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सूत्र खरे आहे, परंतु पुरे नाही. हे अमेरिकेतील बेसबॉल-पत्रांच्या व्यवहारावरून आम्ही येथे दाखवू इच्छितो. बेसबॉल हा त्या देशाचा लाडका खेळ होय. त्यातील खेळाडूंची चित्रे छापलेली लहान पत्रे पूर्वी सिगारेटच्या पाकिटांतून व पुढे च्युइंगगमबरोबर मिळत असत.

तीन पत्रे घेऊ. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेल्या मालिकेत जो डॉइल याच्या चित्राखाली चुकून दुसऱ्याच संघाचे नाव पडले. चूक लवकर सुधारली गेल्याने तशा मोजक्याच प्रती उरल्या. आज ज्ञात असलेल्या प्रती दहाच्या आसपास भरतात. त्याच मालिकेतील होनस वॅग्नरची छपाई मध्येच थांबली. तंबाखूच्या विक्रीला त्याची हरकत होती असे कोणी म्हणतात, तर कोणी मोबदल्याचे कारण देतात. त्याच्या पन्नास-साठ प्रती ज्ञात आहेत. तिसरे पत्र टॉप्स कंपनीचे, १९५२ सालचे, मिकी मँटलचे. त्या वर्षाचा न खपलेला साठा १९६० साली समुद्रात बुडविल्याचे कंपनीचे अधिकारी साय बर्गर यांनी पुढे सांगितले; तरीही मँटलच्या हजाराहून अधिक प्रती आज आहेत.

आता भाव पाहा. ऑगस्ट २०२२ मध्ये वॅग्नरची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरना व मँटलची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरना विकली गेली. डॉइल सर्वांत दुर्मिळ असूनही वॅग्नरहून स्वस्तच राहिला आहे. कारण त्याला मागणी मुख्यतः मालिका पूर्ण करणाऱ्यांची, तर वॅग्नरचे नाव घरोघरी ठाऊक.

मग मँटल वॅग्नरहून मोलाचा ठरला काय? तसे नव्हे. मँटलची ती प्रत दहापैकी साडेनऊ दर्जाची, वॅग्नरची केवळ दोन दर्जाची होती. जीर्ण मँटल हजारो डॉलरांत मिळतो, जीर्ण वॅग्नरला मात्र लाखो डॉलर पडतात. तुलना करावयाची ती समान दर्जाच्या मालाचीच, हा नियम येथेही लागू आहे.

दर्जाबरोबर सचोटीही हवी. एका नामांकित लिलाववाल्याने वॅग्नरच्या एका प्रसिद्ध प्रतीच्या कडा आपण कापल्याचे २०१३ साली न्यायालयात कबूल केले. कडा नीटनेटक्या दिसल्या, पण ग्राहकांचा विश्वास दुखावला. तसेच १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पत्रांची छपाई बेसुमार वाढली. पुढे भाव येईल म्हणून ज्यांनी खोकीच्या खोकी जपली, त्यांच्या हाती बहुधा रद्दीच राहिली.

आपल्या घरांतही जुनी नाणी, तिकिटे, हस्तलिखिते असतात. ती विकताना वा घेताना चार प्रश्न विचारावेत: नग किती आहेत? मागणारे किती आहेत? दर्जा कोणता? आणि तो खरा असल्याची हमी कोणाची? या चारही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत केवळ ‘दुर्मिळ’ या शब्दावर गाठीचे भांडवल गुंतवू नये, अशी आमची सर्व सभासद बंधुभगिनींस विनंती आहे.