धक्का आणि मालमोटार यांमधला पूल

नववीच्या वर्गात आम्ही एकदा असे गणित घातले होते: मालमोटारीच्या हौद्याला आठ फूट लांबीची फळी लावली आहे व हौदा जमिनीपासून चार फूट उंच आहे, तर फळीचा चढ किती? एकाने लगेच उत्तर दिले की दर दोन फुटांस एक फूट. ते बरोबरच होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून दुसरा मुलगा म्हणाला, "गुरुजी, पाठीवर पोते असले म्हणजे चढ जास्त होतो." वर्ग हसला. आम्हांला मात्र हसू आले नाही, कारण त्या मुलाचे वडील हमाल होते हे आम्हांस ठाऊक होते.

आपल्या मुधोळच्या पंचक्रोशीत कापूस आणि सोयाबीन पिकतो, आणि जे पिकते ते कोणाच्या तरी पाठीवरून गाडीत चढते. कापूस दाबून बांधलेली एक गाठ सुमारे १७० किलोंची असते. ती कोणी एकटा उचलीत नाही. पण धान्याची पोती आजही एकेका पाठीवरूनच जातात. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी जवळच्या एका बाजारात ओली फळी सरकली आणि आमच्याच एका विद्यार्थ्याचे वडील पोत्यासह खाली आले. मांडीचे हाड मोडले. पुढे ते चालू लागले, पण फळीवर पुन्हा चढले नाहीत. तो विद्यार्थी दहावी होऊन आय.टी.आय.मध्ये गेला आणि आज हैदराबादजवळच्या एका मोठ्या गोदामात यंत्रदुरुस्तीचे काम करतो. तेथे तो जी यंत्रे सांभाळतो, ती त्याच फळीची सुधारलेली भावंडे आहेत. मे महिन्याच्या सुटीत आम्ही त्याच्याकडे गेलो आणि दोन दिवस त्याच्यामागून हिंडलो. या लेखात गुरू तो आहे. आम्ही केवळ लेखनिक.

या यंत्रास 'डॉक लेव्हलर' म्हणतात. मुंबईचा भाऊचा धक्का किंवा रेल्वेचा मालधक्का ज्यांनी ऐकला असेल, त्यांस 'डॉक' म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. माल चढविण्या-उतरविण्यासाठी गोदामाची जोती मोटारीच्या हौद्याइतकी, म्हणजे सुमारे चार फूट, उंच बांधतात. तो गोदामाचा धक्का. पण अडचण येथेच सुरू होते. धक्का स्थिर असतो, गाड्या मात्र लहानमोठ्या येतात. शिवाय गाडी भरत जाते तसतशी तिच्या कमानी दबून हौदा खाली जातो आणि रिकामी होते तसा तो वर येतो. आमचे बालपण गोव्याच्या किनारी गेले, त्यामुळे आम्हांस हे पाहून भरती-ओहोटीची आठवण झाली. रायबंदरहून चोडण बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीत जे बसले असतील त्यांनी पाहिले असेल की बोट काठाला लागताच तिच्या तोंडाशी असलेली लोखंडी फळी उतरत्या धक्क्यावर टेकते आणि पाणी चढलेले असो वा उतरलेले असो, माणसे व दुचाक्या तिच्यावरून सुखाने पार होतात. एक बाजू हलती व एक स्थिर, आणि त्या दोहोंना जोडणारे काहीतरी दोहोंशी जमवून घेणारे असावे लागते. प्रश्न जुनाच आहे.

असली गोदामे आपल्याकडे वाढली ती अलीकडे. सरकारी वखारी जुन्या आहेत. केंद्रीय वखार महामंडळ आणि महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ ही दोन्ही १९५७ साली स्थापन झाली. परंतु १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्याराज्यांत लहान लहान गोदामे ठेवण्याचे कारण उरले नाही, आणि भिवंडीसारख्या ठिकाणी एकेका छपराखाली प्रचंड साठे होऊ लागले. तेथे पोते पाठीवर घेऊन चढणे परवडत नाही. फोर्कलिफ्ट नावाची चाकांची गाडी मालाचे थरच्या थर उचलून थेट हौद्यात शिरते. तिला फळी चालत नाही. तिला पूल लागतो.

हा पूल असा असतो. धक्क्याच्या कडेस फरशीत एक खड्डा केलेला असतो आणि त्यावर सुमारे सहा फूट रुंद व आठ फूट लांब असा जाड लोखंडी पाट बसविलेला असतो. पाटाची मागची कड बिजागरीने गोदामाच्या फरशीस जखडलेली असते. पुढच्या कडेस आणखी एक पट्टी बिजागरीवर लोंबत असते. तिला कामगार 'लिप' म्हणजे ओठ म्हणतात. कळ दाबली की पाट पुढून वर उठतो, ओठ बाहेर पसरतो, मग पाट सावकाश खाली येतो आणि ओठ हौद्यावर टेकतो. युरोपातील मानकानुसार या पुलाचा चढ आठास एक यापेक्षा अधिक नसावा. आमच्या गणितातील फळीचा चढ दोनास एक होता, हे येथे ताडून पाहावे.

पाट उचलतो कोण? काही यंत्रांत ताणलेल्या स्प्रिंगा, पण पुष्कळ ठिकाणी तेल. सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा नियम तुम्ही शिकला आहात: कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो. त्यावरून इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ साली जलदाबयंत्राचे पेटंट घेतले, आणि त्याच कुळातले हे यंत्र. समजा, दट्ट्याचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर आहे आणि पंपाने तेलात दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोंचा दाब निर्माण केला. तर दट्ट्या १००० किलोंच्या जोराने वर ढकलला जाईल. मोटर मात्र आपल्या विहिरीवरील मोटरीहूनही लहान असू शकते.

येथे आमची एक चूक झाली ती सांगितली पाहिजे. आम्हांस वाटले की भरलेली फोर्कलिफ्ट पाटावरून जाते तेव्हा तिचा भार हे तेलच तोलून धरते. आमचा विद्यार्थी हसून म्हणाला, "नाही गुरुजी, तेल फक्त रिकामा पाट उचलते. भार पेलते ती एकीकडे मागची बिजागरी आणि दुसरीकडे गाडीचा हौदा. मध्ये तेल मोकळे असते, म्हणून तर गाडी दबली की पाटही तिच्याबरोबर उतरतो." ज्याने त्यास भौतिकशास्त्र शिकविले त्याने हे त्याच्याकडून शिकावे, यात आम्हांस तरी कमीपणा वाटला नाही.

त्याच्या निगराणीखाली असे बारा पूल आहेत. सकाळी गाड्या येण्यापूर्वी तो पहिल्यांदा झाडू घेतो, पाना नव्हे. खड्ड्यात तुटलेल्या फळ्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, धूळ, कापसाचा भुगा असे सर्व साचते. त्यामुळे पाट पुरता खाली बसत नाही, आणि तेल ठिबकत असेल तर तेथेच आग लागण्यास निमित्त मिळते. मग तो बिजागऱ्यांस वंगण घालतो, जोडाच्या जागी तडा गेला आहे काय हे हाताने चाचपतो, रबरी नळ्या घासल्या आहेत काय ते पाहतो. तेलाचा रंग दुधासारखा दिसला की त्यात पाणी शिरले असे समजावे. धक्क्याच्या तोंडाशी जाड रबराचे ठोकळे असतात. ते झिजले की मागे येणारी गाडी थेट लोखंडावर आदळते, आणि मग दुरुस्ती ठोकळ्याची राहत नाही, भिंतीची होते.

बिघाड ओळखण्यात त्याचा हातखंडा आहे. पाट मंद उठतो, तर तेल कमी किंवा गाळणी तुंबलेली. पाट उठतो पण ओठ पसरत नाही, तर आधी ओठाची बिजागरी गंजली आहे का पाहावे, झडपेकडे नंतर वळावे. आणि मोटर फिरते, आवाज येतो, पण पाट जागचा हलत नाही, तर? नवखा मनुष्य पंप उघडून बसतो. आमचा विद्यार्थी प्रथम विचारतो, "काल विजेचे काम झाले होते का?" तीन फेजांपैकी दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते आणि पंप तेल ढकलीत नाही. दोन तारा बदलल्या की काम झाले. शेतातील पंपाचेही असेच होते, तेव्हा हे ज्ञान मुधोळातही उपयोगी आहे.

पुलावर फोर्कलिफ्ट असतानाच चालकाने गाडी पुढे नेली तर काय होईल? ओठाचा आधार जाईल आणि पाट कोसळू लागेल. यासाठी दट्ट्याशी एक वेग-झडप असते. तेल ठरावीक वेगापेक्षा जोराने परतू लागले की ती आपोआप मिटते आणि पाट थोडा खचून जागीच थांबतो. तरीही चाकांखाली ठोकळे घातल्यावाचून आणि गाडीची किल्ली गोदामात जमा झाल्यावाचून तो कोणास पुलावर चढू देत नाही. चालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती. दुरुस्ती करणाऱ्यास उचललेल्या पाटाखाली, त्या खड्ड्यात, उतरावे लागते. पाटाचे वजन अर्धा टन तरी भरेल. यंत्राबरोबरच एक लोखंडी टेकू दिलेला असतो. उतरण्यापूर्वी तो पाटाखाली उभा करावयाचा, विजेची कळ बंद करून तिला कुलूप घालावयाचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावयाची. एके दिवशी एक नळी बदलावयाची होती. बरोबरचा नवा मुलगा म्हणाला, "दोन मिनिटांचे काम, टेकू कशाला?" आमच्या विद्यार्थ्याने उत्तर न देता टेकू लावला. नळीची चकती सैल करताच आत कोंडलेले तेल फवाऱ्यासारखे बाहेर आले, पाट बोटभर खचला आणि टेकूवर ठणकन बसला. नवा मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग त्याने आपण होऊन खड्डा पुसून काढला.

दिवाळीत तो घरी आला तेव्हा आम्ही त्यांच्याकडे फराळास गेलो होतो. त्याने मोबाइलमध्ये आपल्या पुलाचे चित्र वडिलांस दाखविले. त्यांनी ते दूर धरून, मग जवळ धरून पाहिले. पाटावरून जाणाऱ्या गाडीकडे त्यांचे लक्ष नव्हते. पाटाखालच्या काळोखावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "तू इथं उतरतोस?"

"हो बाबा."

"आणि वर कोण धरतं?"

त्याने दुसरे चित्र काढून टेकू दाखविला. म्हाताऱ्याने तो किती जाड आहे, खाली सरकतो का, ओल्यात घसरतो का, हे सारे विचारून घेतले आणि मगच चकलीची ताटली पुढे ओढली.