कढीपत्त्यावरचे पाहुणे

प्रश्न : गॅलरीतल्या कढीपत्त्याचा अळ्यांनी फडशा पाडलाय, कुंड्यांत तणही माजलंय. फवारणी करू का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : फवारणी नकोच, तो पाला तुमच्या फोडणीत पडतो. कोवळेपणी पक्ष्याच्या शिटेसारखी, मग हिरवीगार दिसणारी ही अळी बहुधा फुलपाखराची आहे. काडीने हळूच डिवचा : डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं, उग्र वासही. ती चावत नाही.

मोठं झाड पुन्हा फुटतं. रोप लहान असेल, तर अळ्या शेजारच्या लिंबावर सोडा. लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर नीलवंत वाढतं, 2015 पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू!

तणातली एकदांडी राहू द्या, तिच्या फुलांवर फुलपाखरं येतात. मात्र कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी दर आठवड्याला ओता, ताटल्या घासा. डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.