उजाड डोंगर पुन्हा हिरवे होताना : गढवालचा धडा

जुलै १९७० मध्ये अलकनंदेला आलेल्या महापुराने गढवालमधील खोऱ्याची दैना उडविली. पूल वाहून गेले, शेते गाळाखाली गेली, माणसे दगावली. पाऊस असाधारण होता, हे खरे. परंतु वरच्या उतारांवर वर्षानुवर्षे चाललेल्या वृक्षतोडीने माती उघडी पडली होती, हेही चमोली जिल्ह्यातील ग्रामस्थांनी ओळखले.

पुढे १९७३ मध्ये मंडल येथे आणि २६ मार्च १९७४ रोजी रेणी येथे ग्रामस्थांनी ठेकेदारांची तोड रोखली. रेणीत गौरादेवींसह गावातील महिलाच पुढे सरसावल्या. हे ‘चिपको’ आंदोलन सर्वश्रुत आहे. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालावरून अलकनंदेच्या वरच्या पाणलोट क्षेत्रात व्यापारी वृक्षतोडीस दहा वर्षांची बंदी करण्यात आली.

लागवडीनंतरची राखण

तोड थांबली म्हणजे डोंगर आपोआप हिरवा होतो असे नव्हे. धूप चालूच होती. चारा व सरपण यांसाठी महिलांची पायपीटही चुकली नव्हती. गोपेश्वर येथील दशोली ग्राम स्वराज्य मंडळाने चंडीप्रसाद भट्ट यांच्या मार्गदर्शनाखाली गावोगावी शिबिरे भरविली. ग्रामस्थ व विद्यार्थी यांनी श्रमदानाने दगडी कुंपणे घातली, खड्डे खणले, रोपे लावली. कोणती झाडे लावावयाची, हे ठरविताना महिलांच्या मताला महत्त्व आले. त्यांनी चारा व सरपण देणारी झाडे मागितली. कुंपणातील गवत कापून न्यावयाचे, गुरे मात्र आत सोडावयाची नाहीत, ही शिस्त गावाने पाळली. परिणामी रोपे जगण्याचे प्रमाण शासकीय लागवडीपेक्षा पुष्कळ अधिक आढळले.

खाणींचे व्रण

डेहराडून-मसुरी परिसरातील चुनखडीच्या खाणींनी केलेली हानी अधिक खोल होती. तेथे झाडांबरोबर मातीही गेली होती आणि झरे आटले होते. स्थानिक संस्थेच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने १२ मार्च १९८५ रोजी अनेक खाणी बंद करण्याचा आदेश दिला. उतार सावरण्याच्या कामी १९८२ मध्ये उभारलेल्या प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण तुकडीतील माजी सैनिकांनी मोलाचा वाटा उचलला. अशा जमिनीवर एकदम वृक्ष लावून भागत नाही. आधी दगडी बांध घालून घसरती माती अडवावी लागते, मग गवत व झुडपे रुजवावी लागतात. वृक्षांची पाळी त्यानंतर येते.

ग्रामसभेची जबाबदारी

आघात थांबविणे ही पहिली पायरी; राखणीची जबाबदारी ज्यांना लाभ होणार त्यांच्याकडे सोपविणे ही दुसरी. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये सामूहिक वनक्षेत्राचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेस मिळू शकतो; महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास तो २००९ मध्ये मिळाला. लागवडीचा हिशेब लावलेल्या रोपांवरून न करता, तीन पावसाळ्यांनंतर जगलेल्या रोपांवरून करावा. गवत कोणी, केव्हा आणि किती कापावे, हे ग्रामसभेने खड्डे खणण्यापूर्वीच ठरविले, तर पुढील राखणीचे निम्मे काम तेथेच पार पडते.