स्पंदक ताऱ्यांचा शोध

रात्री आकाशाकडे दृष्टी टाकली म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश आपणांस दिसतो. परंतु आकाशातून पृथ्वीवर जे जे येते, त्यातील प्रकाश हा एक लहानसा अंश होय. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओ-लहरीही तेथून अखंड येत असतात. त्यांना दिवसरात्रीचा भेद नाही; ढगांचाही त्यांना फारसा अडथळा होत नाही. अमेरिकेत कार्ल जान्स्की हे अभियंते १९३२ साली दूरध्वनीतील खरखरीचे कारण शोधीत असता, त्यांना एक खरखर रोज सुमारे ४ मिनिटे अगोदर येते असे आढळले. तारेही रोज ४ मिनिटे अगोदर उगवतात. तेव्हा ही खरखर पृथ्वीवरची नसून आकाशगंगेकडून येते, हे उघड झाले. रेडिओ-ज्योतिषशास्त्राचा जन्म असा एका खरखरीतून झाला. पुढे ३५ वर्षांनी अशाच एका क्षुल्लक वाटणाऱ्या खुणेतून जो शोध लागला, त्याची हकीकत विद्यार्थ्यांनी मुद्दाम जाणून घेण्यासारखी आहे.

जोसेलिन बेल यांचा जन्म १९४३ साली उत्तर आयर्लंडमध्ये झाला. त्यांच्या शाळेत मुलांना विज्ञानाच्या व मुलींना गृहशास्त्राच्या वर्गात बसविण्याचा प्रघात होता. आईवडिलांनी हरकत घेतली, तेव्हा कोठे त्यांना विज्ञान शिकावयास मिळाले. अकराव्या वर्षी द्यावयाच्या निवडपरीक्षेत त्या अनुत्तीर्णही झाल्या. हीच मुलगी पुढे केंब्रिज विद्यापीठात अँटनी हुइश यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागली.

तेथे सुमारे साडेचार एकर जागेत २,०४८ ऐरिअल उभारून एक रेडिओ-दुर्बीण तयार करण्यात आली. खांब ठोकण्यापासून तारा जोडण्यापर्यंतच्या कामात बेल यांचाही हात होता. जुलै १९६७ मध्ये दुर्बीण सुरू झाली. तिने टिपलेल्या लहरींचा आलेख कागदाच्या पट्टीवर लेखणीने उमटत असे. रोज सुमारे १०० फूट कागद निघे, आणि तो सगळा बेल यांनी डोळ्यांखालून घालावयाचा, असा क्रम होता.

ऑगस्टमध्ये या शेकडो फूट कागदात इंचाहूनही लहान अशी एक वेडीवाकडी खूण त्यांना दिसली. ती नेहमीच्या आकाशस्थ उगमांसारखी नव्हती आणि मोटारगाड्यांसारख्या यंत्रांमुळे होणाऱ्या व्यत्ययासारखीही नव्हती. दुसऱ्या कोणी ती सोडून दिली असती, तर त्यास दोष देता आला नसता. परंतु अशीच खूण पूर्वीही पाहिल्याचे बेल यांना स्मरले. त्यांनी जुने कागद काढून ताडून पाहिले. खूण आकाशाच्या त्याच भागातून, ताऱ्यांच्याच वेळापत्रकाने येत होती. अधिक वेगाने कागद सरकविणारे यंत्र लावून २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी ती पुन्हा नोंदविली, तेव्हा तिचे खरे रूप प्रकट झाले. ते होते एकामागून एक पडणारे ठोके. दोन ठोक्यांमधील अंतर १.३३७ सेकंद, आणि त्यात किंचितही फरक नाही !

आता खरा प्रश्न उभा राहिला. इतके नियमित ठोके देणारा तारा कोणास ठाऊक नव्हता. ही एखाद्या मानवी यंत्राची करामत तर नाही ? पण मानवी यंत्रे ताऱ्यांचे वेळापत्रक पाळीत नाहीत. केंब्रिजच्याच दुसऱ्या दुर्बिणीतही ठोके मिळाले. म्हणजे आपल्या उपकरणाचा दोष नाही. मग दूरच्या ग्रहावरील कोणी बुद्धिमान प्राणी तर संदेश पाठवीत नाहीत ? संशोधकांनी थट्टेने त्या उगमास ‘छोटे हिरवे बुवा’ असे नावही देऊन टाकले. परंतु ते प्राणी ग्रहावर असतील, तर ग्रह आपल्या सूर्याभोवती फिरताना ठोक्यांमधील अंतर क्रमाने कमीजास्त झाले पाहिजे. तसे काही आढळले नाही. पुढे २१ डिसेंबरच्या रात्री बेल यांनी आकाशाच्या अगदी निराळ्या भागातून येणारे तसेच ठोके पकडले. थंडीमुळे यंत्र नीट चालेना, तेव्हा त्यावर तोंडाची वाफ सोडून त्यांनी ते चालते ठेविले. दोन निरनिराळ्या ठिकाणचे प्राणी एकाच वेळी एकाच तऱ्हेने आपणांस हाका मारतील, हे संभवत नाही. हा निसर्गाचाच व्यापार होता. २४ फेब्रुवारी १९६८ च्या ‘नेचर’ नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला, आणि अशा ताऱ्यांना पल्सार, म्हणजे स्पंदक तारे, हे नाव मिळाले.

हे तारे आकाराने अगदी लहान असले पाहिजेत, हे कसे कळले ? एक उदाहरण घेऊ. दोन फर्लांग लांबीच्या मिरवणुकीतील सर्व ढोलांवर एकाच क्षणी टिपरू पडले, तरी एका टोकाला उभ्या असलेल्या माणसास तो एक ठोका ऐकू येणार नाही. जवळच्या ढोलाचा आवाज प्रथम येईल व शेवटच्या ढोलाचा सुमारे सेकंदभर मागून. सगळा आवाज लांबट होऊन जाईल. रेडिओ-लहरींचेही तसेच. त्या सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातात. ज्या अर्थी ठोका सेकंदाच्या अल्पशा अंशातच संपतो, त्या अर्थी तो देणारी वस्तू काही हजार किलोमीटरांहून मोठी असू शकत नाही. सूर्याचा व्यास तर सुमारे १४ लाख किलोमीटर आहे !

याचे उत्तर एका जुन्या कल्पनेत सापडले. वाल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ सालीच असे सुचविले होते की, प्रचंड तारा स्फोट पावतो तेव्हा त्याचा गाभा आत कोसळून केवळ न्यूट्रॉन कणांचा एक घट्ट गोळा उरत असावा. अशा न्यूट्रॉन ताऱ्यात सूर्याहूनही अधिक द्रव्य जेमतेम २० ते २५ किलोमीटर व्यासात कोंबलेले असते. त्यातील चमचाभर द्रव्याचे वजन दहा कोटी टनांहून अधिक भरेल.

तो इतक्या वेगाने का फिरतो, हे फुगडी खेळणाऱ्या मुलींना सांगावयास नको. फिरता फिरता हात आखडून जवळ आले की गिरकी वाढते. तारा आकुंचन पावतो तेव्हा हेच घडते. त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओ-लहरींचे झोत निघतात. हे ध्रुव भ्रमणाच्या आसावर नसल्याने झोत दीपगृहाच्या प्रकाशाप्रमाणे फिरत राहतो, व तो आपल्यावरून गेला की आपणांस एक ठोका मिळतो. टॉमस गोल्ड यांनी १९६८ साली ही उपपत्ती मांडली आणि असे तारे हळूहळू मंदावत गेले पाहिजेत, असेही बजावले. चिनी निरीक्षकांनी १०५४ साली वृषभ राशीत एक तारा भर दिवसा झळकताना पाहिला होता. त्या स्फोटाच्या अवशेषांत, खेकडा तेजोमेघात, १९६८ सालीच सेकंदाला सुमारे ३० ठोके देणारा पल्सार सापडला. तो खरोखरच मंदावत असल्याचे लवकरच दिसून आले. न्यूट्रॉन ताऱ्याखेरीज दुसरा कोणताही तारा इतक्या वेगाने फिरता तर त्याच्या चिंधड्या उडाल्या असत्या.

या अभ्यासात महाराष्ट्राच्या भूमीचाही वाटा आहे. पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची प्रचंड रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. या थाळ्यांचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नसून बारीक तारांच्या जाळीचा आहे. लांब लहरींना जाळीची छिद्रे जाणवत नाहीत, आणि वारा मात्र त्यांतून निघून जातो. पल्सारांच्या ठोक्यांत वर्षानुवर्षांत पडणारा अत्यल्प फरक मोजून अतिमंद गुरुत्वीय तरंगांचा शोध घेण्याचे काम जगभर चालू आहे. जून २०२३ मध्ये अशा तरंगांची चिन्हे आढळल्याचे जाहीर झाले, त्यात खोडदच्या निरीक्षणांचाही समावेश होता.

या शोधाबद्दल १९७४ सालच्या नोबेल पारितोषिकात हुइश यांचा गौरव झाला. मार्टिन राइल हे त्यांचे सहमानकरी होते. बेल यांचे नाव त्यात नव्हते. पुष्कळांना ते अन्यायाचे वाटले. बेल यांनी मात्र तक्रार केली नाही. पुढे २०१८ साली त्यांना ३० लाख डॉलरचे विशेष पारितोषिक मिळाले. विज्ञानात ज्यांना सहसा वाव मिळत नाही, अशा विद्यार्थ्यांच्या संशोधन-शिष्यवृत्तीसाठी त्यांनी ती सारी रक्कम देऊन टाकली.

प्रयोगशाळेत आपले उत्तर पुस्तकातील उत्तराशी जुळले नाही की आकडा खोडून ‘बरोबर’ आकडा लिहिण्याचा मोह आपणांस होतो. तो आकडा खोडण्यापूर्वी प्रयोग पुन्हा एकदा करून पाहावा. बहुधा चूक आपलीच निघेल, आणि ती कोठे झाली ते तरी कळेल. पण क्वचित असेही होते की, चूक कोठेच सापडत नाही. आणि तेथून नवे ज्ञान सुरू होते.