मलाक्क्यातील दोन दिवस

नोकरीच्या निमित्ताने गेले दीड वर्ष मी मलेशियात, क्वालालंपूर येथे आहे. शनिवार-रविवार कचेरीस सुट्टी असते. अशाच एका शनिवारी सकाळच्या बसने मी मलाक्क्यास गेले. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, दोन-अडीच तासांचा प्रवास. इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या मुलीने मलाक्का न पाहता परतणे बरे दिसले नसते, एवढाच त्या वेळी हेतू होता.

बसमधून उतरून गावात गेले की प्रथम भेटतो तो लाल चौक. एका बाजूस १६५० च्या सुमाराचे डच गव्हर्नरचे निवासस्थान, शेजारी १७५३ साली पूर्ण झालेले ख्रिस्त चर्च, समोर घड्याळाचा मनोरा, मध्ये कारंजे. सारे एकाच तांबड्या रंगात. मी फोटो काढला आणि ‘डचांचे मलाक्का’ असे लिहून आपल्या महाविद्यालयातील इतिहासाच्या सरांना पाठविला. रात्री सरांचे उत्तर आले : “फोटो सुरेख. पण लाल रंग कोणी दिला, ते विचारलेस का?”

विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारले. डचांच्या काळी या इमारती पांढऱ्या होत्या. त्या लाल झाल्या ब्रिटिश अमदानीत. घड्याळाचा मनोरा १८८६ चा, म्हणजे डच राज्य संपल्यावर साठ वर्षांनी एका श्रीमंत चिनी कुटुंबाने बांधून दिलेला. कारंजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचे स्मारक. म्हणजे ज्याला मी एका सत्तेची खूण समजले, ते तीन निरनिराळ्या हातांचे काम होते आणि वरच्या रंगाने ते एकजीव भासत होते. मला खरोखर ओशाळल्यासारखे झाले.

मग मी पुन्हा पहिल्यापासून पाहू लागले.

मलाक्का वसविले ते इ. स. १४०० च्या सुमारास, सुमात्रातील पालेंबांगहून आलेल्या परमेश्वर नावाच्या राजपुत्राने. ज्या झाडाखाली तो विसावला त्या झाडावरून गावास नाव पडले, अशी दंतकथा आहे. ते झाड म्हणजे आपला आवळा! मलय भाषेतील ‘मलाका’ हा शब्द संस्कृत ‘आमलक’ वरून आलेला आहे. हे बंदर वाढले ते वाऱ्यांमुळे. एका मोसमी वाऱ्याबरोबर गुजरात व कोरोमंडलची गलबते येत, दुसऱ्याबरोबर चीनची. वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्यांना येथे थांबावेच लागे. त्यांची व्यवस्था पाहण्यास चार शाहबंदर नेमलेले असत आणि त्यांतील एक केवळ गुजरात्यांसाठी होता.

यानंतरचा भाग आपल्या किनाऱ्याशी जोडलेला आहे. आल्बुकर्कने नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा घेतले आणि ऑगस्ट १५११ मध्ये मलाक्का. त्याच्या सैन्यात मलबारी लोकही होते. शहरातील नीना चाटू नावाच्या हिंदू व्यापाऱ्याने पोर्तुगीज कैद्यांना मदत केली होती. विजयानंतर त्याला बेंदाहारा, म्हणजे मोठा कारभारी, नेमण्यात आले. पुढे ते पद गेले तेव्हा त्याने आत्महत्या केली. वसाहतवादाचा इतिहास शिकताना आपण ‘आपण’ आणि ‘ते’ अशा दोन रांगा करतो. नीना चाटूला कोणत्या रांगेत उभे करावे, ते मला अद्याप ठरविता आलेले नाही.

किल्ल्याचे एकच प्रवेशद्वार आज उरले आहे. पोर्तुगीजांनी किल्ला बांधताना मशिदींचे व सुलतानांच्या कबरींचे दगड वापरले. डचांनी जोहोरच्या मदतीने, अनेक महिने वेढा देऊन, जानेवारी १६४१ मध्ये शहर घेतले आणि द्वार दुरुस्त करून त्यावर १६७० हे साल व आपल्या कंपनीचे चिन्ह कोरले. पुढे ब्रिटिशांकडे मलाक्का तात्पुरते आले. ते परत द्यावे लागणार, मग भक्कम किल्ला डचांना कशाला ठेवायचा, या हिशेबाने त्यांनी १८०७ मध्ये तो सुरुंगाने उडविला. रॅफल्सच्या रदबदलीने एवढे द्वार वाचले म्हणतात. १८२४ च्या तहाने शहर कायमचे ब्रिटिशांचे झाले. एकेकाळी जवळच असलेला समुद्रही आता भराव घालून दूर लोटला आहे. प्रवासी दरवाजापुढे उभे राहून ‘पोर्तुगीज दरवाजा’ म्हणून फोटो काढतात. दगड सुलतानांचा, रचना पोर्तुगीजांची, चिन्ह डचांचे आणि जीवदान इंग्रजाचे!

वरच्या टेकडीवर सेंट पॉलचे छप्पर नसलेले चर्च आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर डिसेंबर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले. त्यांचा देह काही महिने येथे पुरलेला होता व नंतर गोव्यास नेण्यात आला. जुन्या गोव्याच्या फेस्ताला आपल्याकडून किती माणसे जातात! त्या वाटेवरचा हा एक मुक्काम, हे मला तेथे उभी राहीपर्यंत ठाऊक नव्हते. चर्चसमोरील त्यांच्या पुतळ्याचा उजवा हात तुटलेला आहे. भिंतींना टेकून डचांच्या थडग्यांच्या उंच शिळा उभ्या आहेत.

इमारतींपेक्षा मला जास्त शिकविले ते मात्र बाजाराने. जोंकर रस्त्यावर आठवड्याच्या शेवटी रात्रीचा बाजार भरतो. एक कपडेविक्या ओरडत होता, “लेलोंग! लेलोंग!” मी थबकले. स्वस्तात विक्री, लिलाव, या अर्थाचा हा मलय शब्द आणि आपला ‘लिलाव’ दोन्ही पोर्तुगीज भाषेतून आलेले. मग मी वहीत जोड्याच मांडू लागले. खिडकीला आपल्या आजीच्या बोलण्यात ‘जनेल’, इकडे ‘जेंदेला’, अंग पुसायचा ‘तुवाल’, इकडे ‘तुआला’, ‘पाद्री’ आणि ‘पादेरी’, ‘नाताळ’ दोन्हीकडे. राज्य गेले, किल्ला उडाला, पण खिडकीचे नाव राहिले. गावाच्या दक्षिणेस पोर्तुगीज वंशाच्या लोकांची वस्ती आहे; त्यांतील वडीलधारी माणसे क्रिस्तांग नावाची मिश्र भाषा आजही बोलतात. उलट ‘चिट्टी’ समाज पाहा : पूर्वज तमिळ व्यापारी, घरातली भाषा मलय, धर्म हिंदू. त्यांचे विनायकाचे देऊळ १७८१ चे आहे, आणि त्याच रस्त्यावर थोड्याच पावलांवर मशीद व चिनी मंदिर. मी गणपतीला नमस्कार केला. पुजारी तमिळमध्ये बोलले, मी मराठीत हसले.

परतीच्या बसमध्ये आठवण झाली ती वेंगुर्ल्याच्या डच वखारीची. ज्या काळी डचांचे आरमार मलाक्क्यावर डोळा ठेवून होते, त्याच काळी ते गोव्याचीही नाकेबंदी करीत होते. त्यासाठी जवळ पाय रोवायला जागा हवी म्हणून १६३७ च्या सुमारास त्यांनी वेंगुर्ल्यास ठाणे केले. शाळेत असताना आम्ही त्या पडक्या भिंतींवर चढून करवंदे खाल्ली आहेत. ती कोणी बांधली, दगड कोठला, मजूर कोण, नंतर तिचा उपयोग कोणी केला, हे आमच्यापैकी एकाही मुलाने कधी विचारले नाही.

येत्या मे महिन्यात मी सुट्टीवर येणार आहे. सरांना तसे कळविले आहे. दोन दिवस वखारीवर बसून मोजमाप व नोंदी करण्याचा विचार आहे. कोणास बरोबर यायचे असल्यास वही आणि मोजपट्टी घेऊन यावे. डबा मी आणीन.